नदीकाठी दिवसभर चालायचं तर आधी धरणाकडे बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही आणि तुमचा शाळेपासूनचा मित्र, दोघंही पन्नाशी ओलांडलेले. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी पुण्यात मुठेच्या काठाने दिवसभर चालायचं ठरवताय. मित्राचा एक गुडघा कुरकुरतो. हवेचा भरवसा नाही. मग मार्ग कुठला धरावा, पाऊस आला तर काय करावं, आणि या नदीकाठी बघण्यासारखं काही उरलंय का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. उरलंय, भरपूर उरलंय, फक्त निर्मळ नदीची अपेक्षा घरी ठेवून या. विठ्ठलवाडीच्या खाली मुठेत शहराचं सांडपाणी चांगलंच मिसळलेलं असतं. धरणातून पाणी सुटलेलं असेल तर वास कमी, बंद असेल तर जास्त. अर्ध्या तासात नाक सरावतं. याच पाण्यात शेकाट्या आपल्या लांब गुलाबी पायांवर आरामात चरत असतात, घाण पाण्यातले किडे हे त्यांचं जेवण. पाणकावळे, वंचक, टिटव्या, खंड्या हे सगळे दिसतात, आणि घारींना तर तोटाच नाही. हिवाळ्यातले पाहुणे पक्षी मात्र सप्टेंबरात फारसे मिळणार नाहीत. त्यांच्यासाठी डिसेंबरात पुन्हा एक फेरी मारा.

आता हवा. बरीच वर्षं मी लोकांना घेऊन या नद्यांच्या काठाने चालतोय, आणि जवळजवळ प्रत्येक जण एकच गोष्ट विसरतो. निघताना सगळे आभाळाकडे बघतात, धरणाकडे कुणी बघत नाही. पुण्यात नदीकाठी चालणाऱ्याला दोन हवामानं सांभाळावी लागतात. एक डोक्यावरचं, आणि दुसरं पश्चिमेला घाटात चाललेलं, जे इथून दिसतही नाही. पुणं सह्याद्रीच्या आडोशाला आहे. शहरात वर्षाला साधारण ७०-७५ सेंटिमीटर पाऊस होतो, आणि ताम्हिणीच्या बाजूला त्याच्या कितीतरी पट. नदीचं पाणी ठरतं ते तिकडच्या पावसावर.

खडकवासला प्रकल्पात चार धरणं आहेत. आंबी नदीवर पानशेत, मोसे नदीवर वरसगाव, मुठेवर टेमघर, आणि या तिघांच्या खाली खडकवासला. चारही मिळून २९.१५ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, पण त्यात खडकवासल्याचा वाटा जेमतेम १.९७ टीएमसीचा. म्हणजे वर तीन हंडे आणि खाली एक तांब्या असा प्रकार आहे. जुलै-ऑगस्टात वरची धरणं भरत आली की त्यांचं पाणी खडकवासल्यात येतं, आणि तांब्यात मावेना की ते मुठेत सोडण्यावाचून गत्यंतर नसतं. सप्टेंबरअखेर ही धरणं बहुतेक वर्षी भरलेलीच असतात, त्यामुळे घाटात दोन दिवस जोराचा पाऊस झाला तरी विसर्ग, म्हणजे धरणातून नदीत पाणी सोडणं, सुरू होऊ शकतो. डेक्कनला लख्ख ऊन आणि भिडे पुलावरून पाणी, हे दृश्य पुणेकरांनी बघितलेलं आहे. परगावहून आलेल्या माणसाचा मात्र त्यावर विश्वास बसत नाही.

बातम्यांत विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८ लिटर. म्हणजे दहा हजार क्युसेक म्हटलं की दर सेकंदाला पावणेतीन लाख लिटरहून जास्त पाणी. २५ जुलै २०२४ ला हा आकडा ३५ हजारांच्या घरात गेला होता आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. त्याच पहाटे डेक्कनजवळ पुलाची वाडी इथे तिघांचा विजेच्या धक्क्याने जीव गेला. नदीकाठी साचलेल्या पाण्यात पाय घालायचा नाही हे मी म्हणतो ते बुडण्याच्या भीतीने कमी आणि या कारणाने जास्त. खांब, डबे, टपऱ्यांच्या वायरी पाण्याखाली काय करत असतील ते वरून कळत नाही. शिवाय अशा पाण्यात उंदरांचं मूत मिसळलेलं असतं, आणि भेगाळलेल्या टाचेतून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू शिरायला तेवढं पुरतं.

तेव्हा आदल्या रात्री आणि निघताना दोन गोष्टी बघा: खडकवासल्यातून विसर्ग चालू आहे का, आणि असल्यास तो वाढवणार आहेत का. जलसंपदा विभाग विसर्ग वाढवण्याआधी सूचना देतो, ती वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांवर आणि टीव्हीवर लगेच येते. माझा नियम साधा आहे. ‘विसर्ग वाढवणार’ असं वाचलं की नदीच्या पात्रातूनच जाणारा रस्ता त्या दिवशी बाद, चालायचं ते वरच्या रस्त्यांनी आणि पुलांवरून. नदी बघायला मिळतेच. पुलावरून बघितलेली भरलेली मुठा हा एक वेगळाच देखावा असतो, त्यासाठी पात्रात उतरण्याची गरज नाही.

संगमाच्या पुढे हिशेब बदलतो, हे फार कमी लोकांच्या लक्षात येतं. तिथे मुळा येऊन मिळते, आणि मुळेत मुळशी धरणाचं पाणी असतं, शिवाय दापोडीजवळ मिळालेल्या पवनेचंही. म्हणजे खडकवासला शांत असला तरी बंड गार्डनला पाणी चढलेलं असू शकतं. बंड गार्डनपर्यंत जायचं असेल तर मुळशी आणि पवना धरणांच्या बातम्याही वाचा.

आता डोक्यावरचं आभाळ. सप्टेंबरचा शेवट म्हणजे उत्तरा संपून हस्त लागण्याचे दिवस. जुलैत तरण्या-म्हाताऱ्या पावसात दिवसभर भुरभुर चालू असते, ती त्रास देते पण घात करत नाही. हस्ताचा पाऊस निराळा. सकाळ कोरडी, दुपारी अंगाला चिकटणारा उकाडा, आणि तीन-चारच्या सुमारास एकदम अंधारून गडगडाट. तासाभरात जे कोसळतं त्याने ओढे नदीच्याही आधी भरतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने कात्रजपासून सहकारनगरपर्यंत जे केलं ते पुण्याने पाहिलंय, आणि त्या रात्री पाणी चढलं ते ओढ्याला. नदीकाठी चालताना असे ओढे, नाले येऊन मिळतात त्या जागा ओळखून ठेवा. सरी चालू असताना त्या ओलांडायच्या नाहीत, घोटाभर पाणी दिसत असलं तरी नाही.

म्हणूनच मी लोकांना प्रवाहाच्या दिशेने, पश्चिमेकडून पूर्वेकडे चालायला सांगतो. मोसमी पाऊस येतो तो नैऋत्येकडून, म्हणजे पाठीमागून. विठ्ठलवाडीच्या आसपास मोकळी जागा मिळाली की सिंहगडाकडे बघा. गडावरचा टॉवर स्वच्छ दिसतोय तोवर निवांत चाला, आणि दिसेनासा झाला की सर येतेय असं समजा, छत्री हातात घ्या. दुपारचं वादळ मात्र या दिवसांत बहुधा पूर्वेकडून किंवा आग्नेयेकडून चढतं, म्हणजे समोरून. तोंड त्याच दिशेला असलं की हडपसरच्या अंगाला ढगांचे काळे मनोरे उभे राहताना वेळेवर दिसतात. एकच गैरसोय, सकाळी नऊपर्यंत ऊन थेट डोळ्यांवर येतं. टोपी घाला.

विजेसाठी ‘दामिनी’ हे ॲप फोनवर ठेवा. ते आपल्या पाषाणच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेने तयार केलंय आणि आसपास वीज पडण्याची शक्यता असली की इशारा देतं. ॲप नसलं तरी वीज चमकल्यावर आकडे मोजा. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला तर उघड्यावरून निघा आणि पक्क्या इमारतीत जा. झाडाखाली थांबणं टाळा, आणि वारा सुटला असेल तर गुलमोहर आणि रेन ट्रीच्या खाली तर अजिबात नको. पुण्यात पावसाळ्यात फांद्या कोसळतात त्या बहुतेक याच दोघांच्या.

मार्ग असा धरा. सकाळी साडेसहाला विठ्ठलवाडीच्या देवळापाशी भेटा. आषाढीला इथे जत्रा भरते, पण एरवीच्या सकाळी घाटावर चार-दोन माणसं असतात. नदी अजून जराशी नदीसारखी वाटते ती इथेच. काठावर एखादं वाळुंज दिसलं तर थांबून बघा. आपल्या नद्यांच्या काठचं हे अस्सल झाड, सुबाभळीच्या गर्दीत आता शोधावं लागतं. करंज आणि उंबर बरेच आहेत. ‘जीवितनदी’ या संस्थेची माणसं या पट्ट्यात काठ दत्तक घेण्याचा उपक्रम चालवतात. ती भेटली तर तुमच्याशी तास-तासभर बोलतील, त्यामुळे वेळापत्रकावर जरा लक्ष असू द्या.

तिथून राजाराम पुलावर या, पूल ओलांडा आणि डीपी रस्त्याने म्हात्रे पुलाकडे चला. हा टप्पा मी पटकन उरकतो. दोन्ही बाजूंना लग्नाची लॉन्स, नदी त्यांच्या मागे लपलेली, बघण्यासारखं काही नाही. या सगळ्या लॉन्सच्या निळ्या-लाल पूररेषांविषयी मला बरंच बोलायचं असतं, पण ते तुमच्या प्रश्नात नाही. एवढंच सांगतो की निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या. चालताना आपण कुठल्या रेषेच्या आत आहोत याचा मित्राशी अंदाज बांधत जा, चांगला वेळ जातो.

म्हात्रे पुलापासून संगमापर्यंतचा पट्टा हा या दिवसाचा गाभा. विसर्ग बंद असेल तर इथे पात्रातल्या रस्त्याने चालता येतं. रविवारी सकाळी वाहनं कमी असतात. एस. एम. जोशी पूल, लकडी पूल, झेड ब्रिज, भिडे पूल असे पूल एकामागोमाग येतात, आणि ते खालून बघण्यात गंमत आहे. लकडी पूल आता लाकडाचा नाही हे सांगायला नकोच, मूळचा पानिपतानंतर पेशव्यांनी बांधलेला. वर मेट्रोचे खांब पात्रातूनच गेलेत. त्यावरून पुण्यात भांडणं झाली, पण तुमच्या चालण्याच्या दृष्टीने मेट्रो ही मोठी सोय आहे, ते पुढे सांगतो.

भिडे पूल मुद्दाम बुटका बांधलेला आहे, पूर आला की पाण्याखाली जाण्यासाठीच. तो वाहतुकीला बंद केलाय असं कळलं की पात्रातला कुठलाही रस्ता तुमच्यासाठी बंद. बॅरिकेडच्या पलीकडे मोबाइल घेऊन उभे असलेले लोक दिसतील, त्यांच्यात सामील होऊ नका. पूल उघडा असेल तर त्यावरून नारायण पेठेच्या बाजूला या आणि पेठांच्या काठाने ओंकारेश्वराकडे चला. मंदिर पेशवेकालीन आहे. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही, आणि हा सगळा काठ पाण्याखाली गेला. पेठांत अजूनही एखादे आजोबा भेटतात, पाणी कुठल्या पायरीपर्यंत आलं होतं ते हाताने दाखवणारे. विषय काढून बघा. पितृपक्ष चालू असेल तर घाटावर श्राद्धविधींची गर्दी असते. तिथे फोटो काढू नका, बाजूने जा.

न्याहारी या टप्प्यात करा, म्हणजे साधारण नऊ-साडेनऊला. पेठेत शिरलं की पोहे, उपीट, साबुदाण्याची खिचडी, मिसळ, जे हवं ते मिळतं. मिसळ मी तरी टाळतो. पुढे उन्हात चालायचं असतं आणि तर्री दुपारपर्यंत आठवण करून देत राहते. अमृततुल्यात चहा घ्या आणि तिथेच दिवसाचा निर्णय करा: पुढे जायचं का. उकाडा असह्य वाटत असेल, वारा पडलेला असेल, तर संगमापर्यंत जाऊन थांबायचं असं तेव्हाच ठरवा. दुपारी पाय थकल्यावर घेतलेले निर्णय सहसा ‘चल रे, अजून थोडंच आहे’ याच प्रकारचे असतात.

ओंकारेश्वरानंतर शिवाजी पूल येतो, जुन्या माणसांचा नवा पूल. १९२३ चा, दगडी कमानींचा, आणि माझ्या मते पुण्यातला सगळ्यात देखणा. वरून जाणाऱ्याला तो कळत नाही, काठावरून बघावा लागतो. मग डेंगळे पूल, आणि तिथून संगमाकडे जाताना जुना बाजार लागेल. तो रविवारी आणि बुधवारी भरतो, म्हणजे तुम्हाला लागणारच. मित्राला जुनी हत्यारं, कुलपं, घड्याळं यांचं वेड असेल तर एक तास गेला म्हणून समजा.

संगमावर जरा बसा. मुळा डावीकडून येते आणि पावसाळ्याच्या शेवटी कित्येकदा दोन्ही पाण्यांचा रंग वेगळा दिसतो, कुठल्या धरणातून किती पाणी सुटलंय त्याप्रमाणे. इथेच जवळ सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब आहे. मुलांची रेगाटा, म्हणजे नौकांचा उत्सव, याच पाण्यात होते.

संगमापासून बंड गार्डनपर्यंत नदीकाठ सुधारणेचं काम टप्प्याटप्प्याने चालू आहे. काही ठिकाणी तयार पायवाट, काही ठिकाणी भराव, पत्रे आणि डंपर. पावसाने ओला झालेला ताजा भराव खचतो, त्यावर पाय ठेवू नका. पत्रे लागले की मुकाट्याने रस्त्यावर या. या प्रकल्पात काठाची झाडं आणि नदीची रुंदी यांचं काय होणार यावर माझं मत चांगलं नाही. तुम्ही स्वतः चालून बघा आणि ठरवा. बंड गार्डनचा जुना दगडी पूल, १८६९ चा फिट्झगेराल्ड ब्रिज, आता फक्त पायी चालणाऱ्यांसाठी आहे. त्याच्या टोकांना दगडी सिंह आहेत. पुलावर उभं राहून बंधाऱ्यावरून पडणारं पाणी बघता येतं. सगळं मिळून अंतर दहा-बारा किलोमीटरच्या आसपास भरतं. सावकाश चालणाऱ्या दोघांना, न्याहारी आणि बाजार धरून, दुपारी दोनपर्यंत पोचायला हरकत नाही. म्हणजे हस्ताच्या गडगडाटाच्या आत.

सामान फार नको. घडीची छत्री आणि पातळ रेनकोट दोन्ही घ्या. वारा असला की छत्री कुचकामी, आणि उकाड्यात रेनकोट घातला की आतून घामाने भिजायला होतं. पायात मागून पट्टा असलेल्या सँडल, खाली खाचा असलेल्या. एक कोरडा पंचा, कोरडे मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत, पाणी, आणि डासांसाठी ओडोमॉस. जलपर्णी साठलेल्या जागी डास दिवसाढवळ्या चावतात.

मित्राबरोबर चालण्याचा एक करार आधीच करून टाका. दोघांपैकी एक जण ‘आता परत’ म्हणाला की दुसऱ्याने कारण विचारायचं नाही. जुन्या मित्रांत हे विशेष लागतं, कारण एकमेकांपुढे माघार घ्यायची लाज सगळ्यात जास्त तिथेच वाटते. आणि गप्पांत रंगलात की दोघांपैकी कुणाचंच आभाळाकडे लक्ष राहत नाही. मी चालताना प्रत्येक पुलाशी थांबायची सवय लावून घेतली आहे. पूल आला की बोलणं बंद, आधी मागे बघायचं, मग पुढे, मग पाण्याकडे. काठावर मघाशी दिसत असलेला दगड किंवा पायरी आता दिसत नसेल, पाणी अचानक गढूळ झालं असेल, किंवा काटक्या आणि जलपर्णीचे पुंजके वेगाने वाहत येऊ लागले असतील, तर पाणी वाढतंय. वर या. खात्री करत बसू नका.

राहिला गुडघा. त्याला त्रास सपाटीवर होत नाही, घाटांच्या पायऱ्यांवर होतो, आणि शेवाळलेल्या पायऱ्यांवर तर धडधाकट माणूसही घसरतो. विठ्ठलवाडीचा आणि ओंकारेश्वराचा घाट वरूनच बघा. उतरायचंच असेल तर कडेने, आडवे पाय टाकत. मार्गावर सुटकेच्या जागा भरपूर आहेत. डेक्कन जिमखाना, छत्रपती संभाजी उद्यान, पीएमसी, सिव्हिल कोर्ट, मंगळवार पेठ आणि शेवटी बंड गार्डन ही मेट्रो स्थानकं नदीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत आणि त्यांना लिफ्ट आहेत. बंड गार्डनहून डेक्कनला परतायला गाडी बदलावी लागत नाही, आणि तिथून सिंहगड रोडला बस किंवा रिक्षा मिळते. गाडी विठ्ठलवाडीला लावणार असाल तर नदीच्या बाजूला उतारावर लावू नका. तुम्ही परतेपर्यंत विसर्ग वाढलेला असू शकतो.